लेडी व्हॉल्स : पॅट समिट यांच्या ३८ हंगामांमागचा इतिहास

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा विषय निघाला की टेनेसी विद्यापीठाच्या ‘लेडी व्हॉल्स’ या महिला संघाच्या प्रशिक्षक पॅट समिट यांचा उल्लेख हमखास येतो आणि त्यासोबत काही आकडेही येतात : ३८ हंगाम, १,०९८ विजय, २०८ पराभव आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे. २०१२ साली त्या पायउतार झाल्या तेव्हा एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सर्वोच्च श्रेणीत पुरुष वा महिला संघाच्या कोणत्याही बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या नावावर इतके विजय नव्हते. हे आकडे खरे असले, तरी त्यांच्यावरून एक गोष्ट ध्यानात येत नाही. समिट यांनी काम हाती घेतले त्या वेळी त्यांना जिंकण्यासाठी एनसीएएची महिलांची स्पर्धाच अस्तित्वात नव्हती, आणि त्यांच्या राज्यातील शाळांमध्ये मुली जो बास्केटबॉल खेळत होत्या तो महाविद्यालयीन बास्केटबॉलपेक्षा निराळाच खेळ होता. संघाची उभारणी आणि खेळाची उभारणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या, म्हणून एकीचा इतिहास दुसरीला वगळून सांगता येत नाही.

पॅट समिट, म्हणजे पूर्वाश्रमीच्या पॅट्रिशिया सू हेड, यांचा जन्म १४ जून १९५२ रोजी टेनेसीतील क्लार्क्सव्हिल येथे झाला. वडील दुभती जनावरे पाळत आणि शेती करत. दिवसभराची कामे आटोपल्यावर ही मुलगी गवत साठवण्याच्या माळ्यावर टांगलेल्या बास्केटवर आपल्या भावांबरोबर खेळत असे. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून सारे कुटुंब शेजारच्या हेन्रिएटा गावी राहायला गेले. एका मुलीच्या खेळासाठी शेतकरी कुटुंबाने घर बदलावे, ही १९६० च्या दशकातील ग्रामीण टेनेसीत साधी गोष्ट नव्हती. पुढे भावांना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. मुलीसाठी तशी शिष्यवृत्ती कुठेच नव्हती, त्यामुळे मार्टिन येथील टेनेसी विद्यापीठातील तिच्या शिक्षणाचा खर्च आईवडिलांनी स्वतः केला.

हा भेद केवळ एका घरापुरता नव्हता. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये बास्केटबॉलचा शोध लावल्यानंतर वर्षभरातच सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ कॉलेजातील मुलींना तो शिकवला. मुलींना झेपेल आणि शोभेल असा तो असावा, या विचाराने मैदानाचे भाग पाडून प्रत्येक खेळाडूला एका भागात बांधून ठेवणारे नियम त्यांनी केले. त्याच परंपरेतून पुढे सहा-सहा खेळाडूंचा प्रकार रूढ झाला : तीन आक्रमक, तीन बचावपटू, आणि मधली रेषा कोणीच ओलांडायची नाही. बचावात उभ्या राहणाऱ्या मुलीला सामन्यात बास्केटच्या दिशेने चेंडू टाकण्याची संधीच मिळत नसे. महाविद्यालयांतील महिला पाच-पाचच्या नियमांनी पूर्ण मैदानावर खेळू लागल्या, तरी टेनेसीच्या शाळांनी जुना प्रकार सोडला नाही. याचा अर्थ असा, की राज्यातील गुणी मुलगी विद्यापीठात दाखल होई तेव्हा तिला अर्धाच खेळ येत असे.

२३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक कायद्यातील सुधारणांवर स्वाक्षरी केली. त्यांतील ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलमाने केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई केली. कलमाच्या मजकुरात खेळांचा उल्लेख नाही. खेळांना ते कसे लागू होईल हे स्पष्ट करणारे नियम १९७५ मध्ये आले, आणि दरम्यान पुरुषांच्या खेळांवर वर्चस्व असलेल्या एनसीएएने त्याला कसून विरोध केला. महिलांच्या स्पर्धा त्या काळी एआयएडब्ल्यू ही निराळी संघटना भरवत असे. ती प्रामुख्याने शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिकांनी चालवलेली असून खेळाला पैशाची बाधा होऊ नये, या भूमिकेतून आरंभी तिने शिष्यवृत्त्यांनाच बंदी घातली होती. १९७३ मध्ये न्यायालयात दावा दाखल झाल्यावर ती बंदी उठली. या संघटनेच्या हेतूबद्दल माझ्या मनात आदर आहे; परंतु त्या बंदीची किंमत मुलींनाच मोजावी लागली, हेही तितकेच खरे आहे. त्या काळातील विजेते संघ पाहिले की चित्र अधिक स्पष्ट होते. पहिली तीन विजेतेपदे पेनसिल्व्हेनियातील इमॅक्युलाटा या छोट्या कॅथलिक महाविद्यालयाने जिंकली आणि पुढची तीन मिसिसिपीतील डेल्टा स्टेटने. मोठी सरकारी विद्यापीठे अजून या खेळात मनापासून उतरलीच नव्हती.

१९७४ मध्ये नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठाने महिला संघासाठी पॅट हेड ही एक पदव्युत्तर साहाय्यक घेतली. ती रुजू होण्यापूर्वीच मुख्य प्रशिक्षकांनी पद सोडले आणि ती जबाबदारी या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर आली. मानधन होते महिन्याला २५० डॉलर. संघातील काही मुली तिच्याहून जेमतेम वर्षभराने लहान होत्या. संघाची गाडी ती स्वतः चालवी आणि खेळाडूंचे गणवेशही स्वतःच धुई. ते गणवेश आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. शिवाय पदव्युत्तर अभ्यास होता, शारीरिक शिक्षणाचे तास घ्यायचे होते आणि दुखापतीतून सावरणाऱ्या गुडघ्यानिशी ऑलिम्पिकची तयारीही करायची होती. डिसेंबर १९७४ मधील पहिला सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध ८३–८४ असा, एका गुणाने गेला. पहिला हंगाम मात्र १६ विजय आणि ८ पराभवांवर संपला. त्यानंतर समिट यांच्या कारकिर्दीत विजयांपेक्षा पराभव जास्त झाले, असा एकही हंगाम आला नाही. १९७६ साली मॉन्ट्रियल येथे महिला बास्केटबॉलचा ऑलिम्पिकमध्ये प्रथमच समावेश झाला आणि अमेरिकेच्या रौप्यपदक विजेत्या संघाच्या त्या सहकर्णधार होत्या. आठ वर्षांनी लॉस एंजेलिस येथे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अमेरिकेने सुवर्णपदक मिळवले.

शाळांतील सहा-सहाच्या नियमावरचा संघर्ष या इतिहासात सहसा तळटीपेपुरताच येतो. मला तो मध्यवर्ती वाटतो. ओक रिज येथील एका विद्यार्थिनीने १९७६ मध्ये या नियमाविरुद्ध दावा केला. जिल्हा न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, पण १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. कायद्याने दार बंद केल्यावर दबावाचा दुसरा मार्ग उरला होता आणि तो समिट यांच्या हाती होता. शाळा पूर्ण मैदानाचा खेळ शिकवत नसतील, तर आपण शिष्यवृत्तीसाठी राज्याबाहेरच्या मुली घेऊ, असे त्यांनी उघडपणे सांगितले. शिष्यवृत्तीला आता मोल आले होते, त्यामुळे पालकांना आणि शाळांना हे बोलणे झोंबले. १९७९-८० च्या हंगामापासून टेनेसीतील शाळांनी पाच-पाचचा खेळ स्वीकारला.

विद्यापीठाच्या आतली रचनाही तितकीच निर्णायक ठरली. टेनेसीने महिलांच्या खेळांसाठी संपूर्ण स्वतंत्र विभाग उभारला. त्याला स्वतःची संचालक, स्वतःचा अर्थसंकल्प आणि ‘लेडी व्हॉल्स’ हे स्वतःचे नाव होते. टेनेसी हे ‘स्वयंसेवकांचे राज्य’ म्हणून ओळखले जाते आणि स्वयंसेवक या अर्थाच्या ‘व्हॉलंटिअर्स’ या इंग्रजी शब्दाच्या संक्षेपावरून हे नाव पडले. अन्यत्र महिला संघांना फुटबॉलच्या खर्चातून उरेल त्यावर भागवावे लागत असताना, इथे महिलांच्या खेळांचा विचार हेच ज्यांचे काम होते असे अधिकारी होते. भारतीय वाचकांना आंतरविद्यापीठ स्पर्धांवरून या साऱ्याची कल्पना येणे अवघड आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा दूरचित्रवाणी, तिकीटविक्री आणि देणग्या यांवर चालणारा मोठा व्यवहार आहे, आणि त्या व्यवहारात स्वतंत्र हिशेबाची वही असणे म्हणजे स्वतंत्र अस्तित्व असणे होय.

तरीही विजेतेपद लवकर आले नाही. एआयएडब्ल्यूच्या १९८० आणि १९८१ च्या अंतिम सामन्यांत टेनेसीचा पराभव झाला. एनसीएएने १९८२ पासून महिलांची स्पर्धा सुरू केली, तिच्या पैशापुढे आणि प्रसिद्धीपुढे एआयएडब्ल्यू टिकू शकली नाही, आणि महिलांनी चालवलेल्या त्या संघटनेचे काम थांबले. एनसीएएच्या १९८४ मधील अंतिम सामन्यातही टेनेसी हरली. शेवटच्या टप्प्यात हा संघ कच खातो, अशी बोलवा होत असतानाच १९८५ मध्ये समिट यांनी मिकी डिमॉस आणि आपली जुनी खेळाडू हॉली वॉरलिक या दोघींना साहाय्यक म्हणून घेतले. १९८७ च्या अंतिम सामन्यात टेनेसीने लुइझियाना टेकला ६७–४४ असे हरवले. पहिले विजेतेपद तेराव्या हंगामात मिळाले. त्याच वर्षी खुल्या झालेल्या थॉम्पसन-बोलिंग अरीनामध्ये डिसेंबरमध्ये टेक्सासविरुद्धच्या सामन्याला २४,००० हून अधिक प्रेक्षक आले.

समिट यांची पद्धत कठोर होती. बचाव आणि रिबाउंड (बास्केट हुकून परतलेला चेंडू पकडणे) यांवर त्यांचा सर्वाधिक भर असे, सरावात मुलींसमोर पुरुष विद्यार्थ्यांना उभे केले जाई आणि वेळापत्रकात मुद्दाम बलाढ्य प्रतिस्पर्धी घेतले जात. वर्गात खेळाडूंनी पहिल्या तीन रांगांतच बसायचे आणि विनाकारण तास चुकवायचा नाही, हे नियमही तितकेच पक्के होते. टेनेसीत खेळण्याची आपली पूर्ण मुदत संपवणाऱ्या त्यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवी मिळवली. आठ विजेतेपदांच्या बरोबरीने ही नोंद ठेवली पाहिजे, कारण मोठ्या पैशाच्या महाविद्यालयीन खेळात ती विजेतेपदांहूनही दुर्मीळ आहे.

१९८९ आणि १९९१ मध्ये आणखी दोन विजेतेपदे आली, आणि १९९६ ते १९९८ अशी सलग तीन. त्यांतील १९९७ चे विजेतेपद मला सर्वांत बोलके वाटते, कारण त्या संघाने हंगामात दहा सामने गमावले होते. पुढच्याच वर्षी शमीक होल्डस्क्लॉ, टमीका कॅचिंग्ज आणि समीका रँडल यांच्या संघाने ३९ पैकी ३९ सामने जिंकले. तोवर कनेटिकट विद्यापीठ आणि त्याचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या रूपाने तुल्यबळ प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. १९९५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या या दोन संघांच्या सामन्यांमुळे महिला बास्केटबॉलला देशभर प्रेक्षक मिळाला. १९९५, २०००, २००३ आणि २००४ या चारही अंतिम सामन्यांत कनेटिकटने टेनेसीला हरवले. २००७ मध्ये टेनेसीने ही मालिकाच थांबवली. खेळाच्या दृष्टीने तो निर्णय नुकसानीचाच होता, असे माझे मत आहे. २००७ आणि २००८ मध्ये कँडेस पार्करच्या संघाने सातवे आणि आठवे विजेतेपद मिळवून दिले.

ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, समिट यांनी आपल्याला अल्झायमरचे निदान झाल्याचे जाहीर केले आणि तरीही तो हंगाम पूर्ण केला. सामन्यांतील बरेचसे काम हॉली वॉरलिक पाहत होत्या. एप्रिल २०१२ मध्ये सूत्रे त्यांच्याकडेच गेली. २८ जून २०१६ रोजी समिट यांचे निधन झाले. पुढे माइक शाशेफ्स्की, टारा व्हॅनडर्व्हीर आणि ऑरिएमा या प्रशिक्षकांनी त्यांच्या विजयांचा आकडा ओलांडला.

समिट पायउतार झाल्या त्याच वर्षी टेनेसीने महिलांचा स्वतंत्र क्रीडा विभाग पुरुषांच्या विभागात विलीन केला. नोव्हेंबर २०१४ मध्ये विद्यापीठाने सर्व संघांसाठी एकच नाव ठेवण्याचे जाहीर केले, आणि ‘लेडी व्हॉल्स’ हे नाव केवळ महिला बास्केटबॉल संघाकडे, समिट यांच्या सन्मानार्थ, राहिले. माजी खेळाडूंनी आणि चाहत्यांनी याविरुद्ध तीन वर्षे आवाज उठवला. २०१७ मध्ये विद्यापीठाने निर्णय मागे घेतला, आणि सॉफ्टबॉलपासून जलतरणापर्यंतच्या महिला संघांना ते नाव परत मिळाले.