दादागिरीभोवतीचे रिंगण

शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात एक मुलगा दुसऱ्याचे दप्तर हिसकावतो, तेव्हा आपली नजर त्या दोघांवरच खिळते आणि उपायही त्या दोघांपुरतेच सुचतात: एकाला शिक्षा, दुसऱ्याला धीर. भोवती उभ्या असलेल्या मुलांचा विचार फारसा कोणी करत नाही. दादागिरीच्या अभ्यासात गेल्या काही दशकांत सर्वांत उपयोगी माहिती मात्र या बघ्यांविषयीच मिळाली आहे.

आधी दादागिरी म्हणजे काय, ते ठरवायला हवे. या विषयाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या: त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हापुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. बरोबरीच्या दोन मुलांचे भांडण या व्याख्येत बसत नाही. म्हणूनच दोघांना समोरासमोर बसवून ‘आता हात मिळवा’ असे सांगण्याचा मोठ्यांचा आवडता तोडगा येथे सहसा लंगडा पडतो, कारण दुबळ्या बाजूच्या मुलाला तेथेही खरे बोलण्याची भीती वाटते.

कॅनडातील संशोधक डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांनी मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून आणि दुरून चित्रीकरण करून मैदानावरचे प्रसंग टिपले. २००१ मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती, पण त्यांपैकी कोणी मध्ये पडल्याचे प्रसंग जेमतेम १९ टक्के होते. मध्ये पडले तेव्हा मात्र निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. बाकीची मुले गप्प का राहतात? अनेकांना आतून ते आवडत नसते, पण इतरही गप्प असल्यामुळे ‘सर्वांना हे चालते’ असा प्रत्येकाचा समज होतो. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी तर या रिंगणातल्या भूमिकाच वेगळ्या काढल्या: त्रास देणाऱ्याला साथ देणारे, हसून त्याचा हुरूप वाढवणारे, दूर राहणारे आणि त्रास सोसणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारे.

गप्प बसण्याची ही रीत बदलता येते का, हे न्यू जर्सीतील ५६ शाळांमध्ये तपासले गेले. संशोधकांनी आधी प्रत्येक मुलाला तू कोणाबरोबर वेळ घालवतोस, असे विचारून मैत्रीचे जाळे मांडले आणि मग चिठ्ठी टाकून निवडलेल्या निम्म्या शाळांमध्ये मुलांच्या एका छोट्या गटाला आपल्या शाळेतील भांडणांवर स्वतःच उपाय शोधायला सांगितले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे भांडणांच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या आणि गटात जास्त ओळखीपाळखी असलेली मुले असतील तेथे परिणाम अधिक दिसला. ही मुले अभ्यासात पहिली किंवा शिक्षकांची लाडकी असतीलच असे नाही. वर्ग कोणाकडे पाहून वागतो, हे वर्गालाच माहीत असते.

तरीही सगळा भार मुलांवर टाकणे चूक ठरेल. मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी चाळीसहून अधिक उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा दादागिरी सरासरीने पाचव्या हिश्श्याने घटलेली आढळली. पालकांच्या बैठका आणि मैदानावरची मोठ्यांची देखरेख हे घटक चांगल्या परिणामांशी जोडलेले दिसले, तर मुलांकडूनच मुलांची भांडणे सोडवून घेण्याची पद्धत कधीकधी उलटलेली दिसली. माझ्या मते समाजाच्या सहभागाचा खरा अर्थ येथे आहे. भाषणे आणि घोषणांच्या फलकांपेक्षा बसचालक, क्रीडाप्रशिक्षक, उपाहारगृहातील कर्मचारी आणि शेजारचे पालक यांनी एकच नियम पाळणे अधिक मोलाचे असते. मुलाने कोणाकडेही तक्रार केली तरी ती ऐकून घेतली जाईल आणि पुढे कोणाला कळवायचे ते त्या व्यक्तीला ठाऊक असेल, एवढी व्यवस्था हवी. वर्गात थांबलेला त्रास बसमध्ये किंवा मोबाइलवर सुरूच राहिला, तर त्या मुलाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते.

यश मोजतानाही थोडी सावधगिरी लागते. उपक्रम सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढू शकतात, कारण आजवर गप्प राहिलेली मुले बोलू लागतात. त्यामुळे केवळ तक्रारवही न पाहता, सुरुवातीला आणि वर्षअखेरीस मुलांकडून नाव न लिहिता प्रश्नावली भरून घेऊन दोन्हींची तुलना करणे अधिक भरवशाचे असते.