यामाहा आरएक्स १००चं पोर्टिंग: ब्लॉक आणण्याआधी हे वाचा

"पोर्टिंग केलं की पिकअप वाढतो ना?" हा प्रश्न काउंटरवर रोजचाच. पोर्टिंग म्हणजे ब्लॉकमधली (सिलिंडरमधली) मिश्रण आत यायची आणि धूर बाहेर जायची तोंडं, म्हणजे पोर्ट, घासून बदलणं. वाढतो. पण खाली (कमी आरपीएमला) की वर (जास्त आरपीएमला), ते आधी ठरवावं लागतं, कारण दोन्हीकडे सारखा वाढत नाही.

आरएक्स १००चं इंजिन ९८ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ५० मिलिमीटर. ताकद ११ बीएचपी, तीही ७,५०० आरपीएमला. एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे धूर बाहेर जायच्या तोंडाची, वरची कड एक मिलिमीटर उचलली की क्रँकच्या एका फेऱ्यात पोर्ट साधारण पाच अंश जास्त उघडा राहतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पोर्ट पूर्ण बंद झाल्याशिवाय दाब धरत नाही, आणि हळू चालवताना ताजं पेट्रोल-मिश्रण तेवढ्यात सायलेन्सरमध्ये निघून जातं. गाडी वर किंचाळते, खाली मरते, पेट्रोलही जास्त पिते.

त्यात गिअर चारच. रेसच्या पोर्टिंगमध्ये सगळी ताकद वरच्या थोड्याशा आरपीएममध्ये गोळा होते, आणि पुढचा गिअर टाकला की इंजिन नेमकं त्याच्या खाली येऊन बसतं. पन्हाळ्याच्या चढाला मागे माणूस बसवून तिसरा टाकून बघा. परत दुसरा, अर्धा क्लच, नुसता आवाज, आणि शेजारून स्कूटर निघून जाते.

म्हणून रोजच्या गाडीला आम्ही एक्झॉस्टची उंची शक्यतो हलवत नाही. ओतकामाचे खवले काढतो, ट्रान्स्फरची (मिश्रण खालून वर नेणाऱ्या वाटांची) तोंडं क्रँककेसशी जुळवतो, सायलेन्सरकडची पायरी काढतो. मित्रांना दाखवण्यासारखं यात काही नसतं, पण गाडी खालपासून मोकळी ओढते.

आता ज्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ते. बरेच जण नुसता ब्लॉक कॅरीबॅगमध्ये घालून आणतात, काम झालं की घेऊन जातात आणि इंजिन दुसरीकडे बांधतात. पंधरा दिवसांनी तक्रार: "तुमच्या पोर्टिंगनं पिकअप गेला." ब्लॉक उचलला तर खाली एकावर एक दोन पॅकिंग (गॅस्केट), मधून बाहेर आलेलं सोल्यूशन वाळून कडक झालेलं. पॅकिंग अर्धा मिलिमीटरनं वाढलं की अख्खा ब्लॉक तेवढा वर जातो, त्याच्याबरोबर सगळे पोर्टही, आणि वर कॉम्प्रेशन उतरतं. म्हणजे आम्ही जे मुद्दाम टाळलं होतं, ते पॅकिंगनं करून टाकलं.

तेव्हा ब्लॉकबरोबर हेड, पिस्टन-रिंगा, कार्बोरेटर, सायलेन्सर आणि बसवणार तेच पॅकिंग आणा. अख्खी गाडीच आणली तर उत्तम, जेटही (कार्बोरेटरमधून किती पेट्रोल जायचं ते ठरवणारं छिद्र) इथेच जुळवून देतो. बोअर (सिलिंडर आतून खरडून मोठा करायचं काम) बाहेर केला असेल तरी हरकत नाही, पण पोर्टच्या कडांची धार घासून काढलीय का ते आम्ही बघणारच. धारदार कडेत रिंग अडकली की पिस्टनसकट जाते.

"तो दुसरा मेकॅनिक अर्ध्या तासात पोर्ट उचलून देतो, तुम्हाला दोन दिवस कशाला?" असंही विचारतात. आम्ही क्रँकला डिग्री प्लेट (अंश मोजायची चकती) लावून आधी मोजतो, मग ग्राइंडर हातात घेतो. ही गाडी १९९६ला बंद झाली, मूळ ब्लॉक आता सहज मिळत नाही. काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, नवीन स्लीव्ह (ब्लॉकच्या आतली लोखंडी नळी) घालावी लागते. ते कामही आम्ही करतो, पण त्याचं बिल बघून तुमचंच तोंड उतरतं.

गाडी नेल्यावर पहिले ५०० किलोमीटर ताणू नका. मग प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर मिश्रण पातळ आहे (पेट्रोल कमी पडतंय), गाडी पळवू नका, इंजिन जाम होईल. तशीच सावकाश इकडे आणा, जेट बदलायची मजुरी घेत नाही.

कामाबरोबर मापांची चिठ्ठी देतो. जपून ठेवा, पुढच्या बोअरला लागते.