एम5 कॉम्पिटिशन की ई63 एस? खरा फरक 20 च्या स्पीडला कळतो

बीएमडब्ल्यू एम5 कॉम्पिटिशन आणि मर्सिडीज एएमजी ई63 एस, सेकंड हँडमध्ये यातली कुठली घ्यावी हा प्रश्न आता जास्त ऐकू येतो आणि त्याला कारणही तसंच आहे. दोन्हीकडे नवीन पिढीत गणितच बदललं. नवीन एम5 हायब्रिड झाली, 727 हॉर्सपॉवर आली पण वजन गेलं 2,400 किलोच्या वर, आणि मर्सिडीजने नव्या ई-क्लासमध्ये व्ही8 (व्ही आकारात बसवलेल्या आठ सिलिंडरचं इंजिन) काढून सहा सिलिंडरची हायब्रिड ई53 दिली. म्हणजे चार दरवाजे, मोठी डिकी आणि बॉनेटखाली निव्वळ पेट्रोलवरचा व्ही8 पाहिजे असेल तर आता मागच्या पिढीकडेच बघावं लागतं.

आणि तिथे गोंधळ सुरू होतो, कारण कागदावर या दोघी जुळ्या बहिणी वाटतात. एम5 मध्ये 4.4 लिटरचा ट्विन टर्बो व्ही8, 625 हॉर्सपॉवर, 750 एनएम टॉर्क (इंजिनाची फिरवायची ताकद). ई63 एस मध्ये 4 लिटरचा ट्विन टर्बो व्ही8, 612 हॉर्सपॉवर, 850 एनएम. दोन्हींचे टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे) इंजिनाच्या व्ही च्या मधल्या खाचेत बसवलेत, दोन्ही ऑल व्हील ड्राइव्ह, दोन्हीत पुढच्या चाकांची पॉवर पूर्ण बंद करून फक्त मागच्या चाकांवर गाडी चालवायची सोय, वजन दोन्हींचं 1,900 किलोच्या आसपास. शून्य ते शंभरला एम5 घेते 3.3 सेकंद आणि ई63 एस 3.4. 2021 च्या जून-जुलैमध्ये फेसलिफ्ट (त्याच पिढीतली सुधारून आणलेली) मॉडेल्स आपल्याकडे आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत एम5 ची 1.62 कोटी आणि ई63 एस ची 1.70 कोटी.

आता बघा, 100 एनएम टॉर्क जास्त असूनही मर्सिडीज पुढे का जात नाही असं खूप जण विचारतात. कारण सुटताना अडचण टॉर्कची नसतेच, टायरला रस्ता किती पकडता येतो याची असते, आणि त्या बाबतीत दोघी जवळपास सारख्याच आहेत. त्यामुळे 0.1 सेकंदावरून वाद घालण्यात काही अर्थ नाही, तेवढा फरक रस्त्याच्या उतारानेसुद्धा पडतो. एक्सप्रेसवेवर ओव्हरटेक करताना मात्र ई63 एस चा तो जास्तीचा टॉर्क जाणवतो, 2,500 आरपीएमलाच सगळा हजर असतो, आणि एम5 त्याची भरपाई वरच्या आरपीएमला करते, 5,800 च्या पुढेपर्यंत तिचा टॉर्क पडत नाही. आवाज विचाराल तर मर्सिडीज, त्यात मला शंका नाही. एम5 चा आवाज केबिनमध्ये थोडा स्पीकरमधून भरलेला असतो आणि एकदा ते माहीत झालं की कानाला तो कळतोच.

पण ही गाडी तुम्ही पुण्यात, मुंबईत, ठाण्यात चालवणार ना, मग खरा मुद्दा गिअरबॉक्सचा आहे आणि नेमका त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. एम5 मध्ये झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ स्पीडचा ऑटोमॅटिक आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाला. याआधीच्या एम5 मध्ये ड्युअल क्लच होता, तो काढून बीएमडब्ल्यूने हा बसवला तेव्हा एम गाड्यांचे जुने चाहते नाराज झाले होते, पण ट्रॅफिकमध्ये हाच निर्णय कामी येतो. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, ब्रेकवरून पाय उचलला की गाडी अलगद सरकते. ई63 एस मध्ये नऊ स्पीडचा एएमजी एमसीटी आहे, त्यात टॉर्क कन्व्हर्टरच्या जागी तेलात बुडलेला क्लच आहे. वजन कमी, रिस्पॉन्स जोरदार, रेस स्टार्ट (पूर्ण ताकदीने सुटायची सोय) मारला की जी लाथ बसते ती याच क्लचमुळे. पण सरकत्या ट्रॅफिकमध्ये, पार्किंगच्या चढावर, सिग्नलला दोन-दोन फूट पुढे जाताना तो क्लच घासत काम करतो आणि गाडी हलकेच झटका देते. बिघाड नाही हा, त्याचा स्वभावच तसा आहे. 200 च्या स्पीडला दोघींत फरक शोधायला रेस ड्रायव्हर लागेल, 20 च्या स्पीडला मात्र मागच्या सीटवर बसलेल्या आईला पण कळेल.

दुसरा गैरसमज सस्पेन्शनचा. मर्सिडीजला एअर सस्पेन्शन आहे, एम5 ला साधे स्टीलचे स्प्रिंग आणि ॲडॅप्टिव्ह डॅम्पर (कडक-मऊ होऊ शकणारे शॉक ॲब्झॉर्बर), म्हणून मर्सिडीज मऊ असणार असं गृहीत धरलं जातं. तसं नाहीये. एएमजीने ते एअर सस्पेन्शन चांगलंच कडक सेट केलंय, कम्फर्ट मोडमध्येसुद्धा खराब रस्ता अंगाला कळतो. एम5 कॉम्पिटिशन पण कडक आहे, साध्या एम5 पेक्षा 7 मिलिमीटर खाली आणि स्प्रिंग 10 टक्के जास्त कडक, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांवर टीका झाली होती, मग फेसलिफ्टला बीएमडब्ल्यूने डॅम्पर बदलले आणि फरक पडला. म्हणून एम5 बघत असाल तर फेसलिफ्टच बघा, जुनी थोडी स्वस्त मिळते पण तो पैसा कमरेतून जातो.

आणि खड्ड्यांचं गणित वेगळंच. दोन्हींना 20 इंची चाकं. एम5 चे मागचे टायर 285/35, म्हणजे रबराची उंची साधारण 100 मिलिमीटर. ई63 एस चे मागचे 295/30, म्हणजे 88 च्या आसपास. 12 मिलिमीटर ऐकायला काहीच नाही पण पावसाळ्यात पाण्याखालच्या खड्ड्यात चाक गेलं की अलॉय वाचतो की वाकतो हे तेवढ्यावर ठरू शकतं. स्टेपनी दोन्हीत नाही, पंक्चर किट आहे, आणि साइडवॉल फाटली तर ते किट उपयोगाचं नाही, फ्लॅटबेडच (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) बोलवावा लागतो. शिवाय ऑल व्हील ड्राइव्ह असल्यामुळे एक टायर नवीन आणि बाकीचे घासलेले असं चालत नाही, घासण्यात फरक पडला की ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत पॉवर वाटणाऱ्या भागाच्या) क्लचवर लोड येतो. टायरचं बजेट धरताना नेहमी चारचं धरा.

आता सांभाळायचा खर्च. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ई63 एस चं इंजिन ज्या कुटुंबातलं आहे तेच इंजिन जी63 मध्ये येतं, आणि जी63 आपल्याकडे मोठ्या शहरांत चिक्कार आहेत, त्यामुळे त्या इंजिनावर हात बसलेले मेकॅनिक सापडतात. पण जी63 चा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरवाला आहे, एमसीटी नाही, म्हणजे ई63 एस चं इंजिन ओळखीचं आणि गिअरबॉक्स अनोळखी. एम5 चं बरोबर उलटं. झेडएफचा आठ स्पीड त्याच्या वेगवेगळ्या रूपांत बीएमडब्ल्यूच्या निम्म्या गाड्यांत आहे, बाहेरचे चांगले वर्कशॉपवाले तो डोळे मिटून ओळखतात, इंजिन मात्र एम5, एम8, एक्स5 एम, एक्स6 एम एवढ्याच गाड्यांत. दोन्ही इंजिनांत टर्बो मधोमध असल्यामुळे उष्णता आत साठते, म्हणून आजूबाजूचे कूलंटचे पाइप, होज, सील हे सगळं तपासून घ्यायचं, आणि मालकाने ऑइल कंपनीच्या मुदतीच्या आधीच बदललं असेल तर ती गाडी माझ्या लेखी दुप्पट चांगली.

बॉडी पार्टचं पण बघा. चाकणला मर्सिडीजचा प्लांट आहे आणि ई-क्लास तिथेच जोडली जाते, म्हणून ई63 एस चे पार्ट पटकन मिळतील असं वाटतं. पण आपल्याकडची त्या पिढीची ई-क्लास लाँग व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) आहे, मागचे दरवाजे लांब, आणि ई63 एस जर्मनीहून पूर्ण बनून आलेली, छोट्या व्हीलबेसची. मागचा दरवाजा चेपला तर इथल्या ई-क्लासचा बसणार नाही, आयात करावा लागणार, आणि तोपर्यंत गाडी वर्कशॉपमध्ये. एम5 ज्या पिढीच्या 5 सिरीजवर बनली ती आपल्याकडे छोट्या व्हीलबेसचीच विकली गेली, तिथे ही अडचण येत नाही. अर्थात पुढचे फेंडर, बॉनेट, बंपर एम5 चे वेगळेच.

पेट्रोलचं थोडक्यात, शहरात लिटरमागे चार-पाच किलोमीटर धरून चाला, दोन्हीकडे तेच. साधं पेट्रोल टाकू नका, जास्त ऑक्टेनचंच घाला. इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेनवालं एक्सपी100 2020 मध्ये आलं तेव्हा पहिल्या शहरांत मुंबई आणि पुणे होती, पण ते प्रत्येक पंपावर नसतं.

कागदपत्रांत एकच गोष्ट सांगतो, नंबर प्लेट बघा. महाराष्ट्रात महागड्या गाडीला रोड टॅक्स इतका लागतो की बऱ्याच जणांनी गाड्या दुसऱ्या राज्यात रजिस्टर केल्या, आणि जुलै 2025 पासून इथली कमाल मर्यादा 20 लाखांवरून 30 लाख झालीय. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते पण एनओसी आणून इथे पुन्हा टॅक्स भरल्यावर ती स्वस्त राहते का ते आरटीओकडून आधीच काढून घ्या.

माझं मत विचाराल तर एकच गाडी असेल आणि तीच रोज ऑफिसला न्यायची असेल तर फेसलिफ्ट एम5 कॉम्पिटिशन, डोळे झाकून. घरात रोजची दुसरी गाडी आहे, रविवारी पहाटे लोणावळ्याच्या बाजूला जायचंय आणि तो आवाज ऐकून अंगावर काटा येत असेल तर ई63 एस, आणि तिच्यासाठी क्लचचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवा. इंजिनावर ते बनवणाऱ्या माणसाच्या सहीची प्लेट असते, जर्मनीत एएमजीच्या अफाल्टरबाखच्या कारखान्यात एकाच माणसाने ते जोडलेलं असतं, ही गोष्ट मला मनापासून आवडते, पण त्या सहीने पार्किंगच्या चढावरचा झटका जात नाही.

बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका, तुमच्यासमोर थंडच सुरू करा. 17 अंकी चासी नंबरावरून ऑप्शन लिस्ट काढा, कारण सिरॅमिक ब्रेक आहेत का हे कॅलिपरच्या (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाच्या) रंगावरून ठरवता येत नाही, रंग कोणीही मारतो, आणि ते बदलायचा खर्च साध्या ब्रेकच्या कितीतरी पट असतो. मग रिकाम्या रस्त्यावर लाँच (पूर्ण जोरात सुटणं) मारून दाखवतो म्हणाला तर नको म्हणा, संध्याकाळी सातला गर्दीच्या रस्त्यावर अर्धा तास द्या म्हणा.