पार्श्वभूमी: उंदराच्या मज्जेत रुजलेलं माणसाचं रक्त

आयुष्यभर रक्त तयार करत राहणारी माणसाची मूळपेशी ओळखायची तर ती उंदरात रुजवून पाहतात. केस नसलेले ‘न्यूड’ उंदीर प्रयोगशाळांत आधीपासून होते, पण माणसाच्या रक्तासाठी ते फारसे उपयोगी पडले नाहीत. खरी सुरुवात झाली ती ‘स्किड’ उंदरांपासून. परक्या पेशींना विरोध करणाऱ्या टी आणि बी पेशी जवळपास नसलेल्या या उंदरांची पहिली नोंद १९८३ची. १९८८मध्ये दोन गटांनी त्यांच्यात माणसाच्या रक्तपेशी रुजवून दाखवल्या. तरी परक्या पेशी मारणाऱ्या एनके पेशी शाबूत असल्याने पाहुण्या पेशींची संख्या तुटपुंजीच राही. १९९५च्या सुमारास मधुमेह होणाऱ्या एनओडी जातीशी संकर झाला आणि चित्र पालटलं.

वाद मात्र इथूनच सुरू झाला: पेशी रुजली असं कधी म्हणायचं? उंदराला किरणोत्साराचा मारा द्यायचा, शेपटीच्या शिरेतून पेशी टोचायच्या आणि सहा-आठ आठवड्यांनी मांडीच्या हाडातली मज्जा काढून मानवी सीडी४५ (रक्तपेशींवरची खूण असलेलं प्रथिन) शोधायचं, अशी पद्धत पडली. ते सापडलं की मूळपेशी होती, असा निष्कर्ष. माझ्या मते तो घाईचा होता. इतक्या लवकर दिसणाऱ्या पेशींत थोडे दिवस रक्त पुरवून संपणाऱ्या पूर्वज पेशींचाही मोठा वाटा असतो, हे पुढे स्पष्ट झालं. पण थांबणार किती? एनओडी-स्किड उंदीर थायमसच्या कर्करोगाने लवकर मरत. त्यात २००३मध्ये पेशी थेट हाडातल्या मज्जेत टोचल्यावर सीडी३४ (मूळपेशींची नेहमीची मानलेली खूण) नसलेल्या पेशीही रुजताना दिसल्या. शिरेतून गेल्या असत्या तर त्या मोजदादीतून निसटल्याच असत्या. म्हणजे सुई कुठे टोचली यावर मूळपेशी कोणती हे ठरत होतं!

२००२ आणि २००५मध्ये इंटरल्यूकिन-२ या पेशींमधल्या संदेशवाहक प्रथिनाच्या ग्राहकाची गॅमा साखळी बिघडवलेले एनओजी आणि एनएसजी उंदीर आले. एनके पेशी गेल्या, आयुष्य वाढलं. मग सोळा आठवडे थांबणं, बी आणि मायलॉइड (रक्तपेशींची दुसरी मोठी शाखा) दोन्ही पेशी दिसल्याच पाहिजेत हा आग्रह आणि तीच मज्जा दुसऱ्या उंदरात रुजवून पाहणं, ही कसोटी पक्की झाली. २०११मध्ये एकाच मानवी पेशीपासून रक्त उभं राहिलेलं दिसलं, तेही याच कसोटीवर.

त्यानंतर उंदराच्या स्वतःच्या मूळपेशींना लागणाऱ्या किट जनुकातल्या दोषामुळे किरणोत्साराशिवायच मानवी पेशींना जागा देणारे उंदीर तयार झाले. उंदराचं इंटरल्यूकिन-३ हे वाढघटक प्रथिन मानवी पेशींना चालत नाही, म्हणून मानवी वाढघटकांची जनुकं घातलेल्या जातीही आल्या. सगळ्यांत जुनी अडचण मात्र तशीच आहे: रुग्णाला दशकानुदशकं रक्त पुरवणारी पेशी आपण जेमतेम दोन-अडीच वर्षं जगणाऱ्या प्राण्यात तपासतो.