टांगलेल्या मांसातून रक्त निथळतं?

शिकारीच्या मांसासाठी घरी वॉक-इन कूलर, म्हणजे आत शिरता येईल अशी थंड खोली, बांधायला घेतला की पहिला सल्ला ठरलेला: फरशीला भरपूर उतार द्या, कारण धड टांगायचं ते रक्त निथळावं म्हणून. उतार द्याच, धुवायला बरा पडतो. पण कारण चुकीचं आहे. जे रक्त जायचं ते जनावर पडल्यावर आणि पोट साफ करतानाच बहुतेक जातं. नंतर आकड्याखाली दिसणारे लालसर थेंब म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन.

मांस मऊ होतं ते स्नायूंतल्याच एन्झाइममुळे. मेल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात, मग कॅल्पेनसारखी एन्झाइम तंतू सावकाश तोडतात. 0 ते 4 अंश सेल्सिअसला हे काम कित्येक दिवस चालू राहतं. उलट ताठरण्याआधीच धड फार झपाट्याने गार केलं, तर स्नायू आखडतात आणि मांस चिवट होतं. घाई नडते ती अशी!

तेव्हा खरा खर्च भिंतींच्या जाड फोमवर आणि दाराच्या रबरावर करा. खोली गार करायला खिडकीचा एसी लावलात, तर तो साधारण 16 अंशांवर थांबतो. त्याची ही मर्यादा ओलांडायला लावणारा कंट्रोलर जोडून त्याला आणखी खाली नेता येतं, पण कॉइलवर (एसीतल्या गार नळ्यांवर) बर्फ धरतोय का हे पाहणारा सेन्सर हवाच. धडं एकमेकांना चिकटवू नका, मधून हवा खेळू द्या. बोट लावून बघा: वरचा थर कोरडा, कागदासारखा लागला तर ठीक, बुळबुळीत लागला तर हवा पोचत नाहीये.