मोठा कपॅसिटर म्हणजे क्लीन ब्लेंड नव्हे

घरी बेस गिटारसाठी ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज मुद्दाम थोडा फाडणारं पेडल) बनवायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: ट्यूब स्क्रीमर या गिटारच्या गाजलेल्या ओव्हरड्राइव्ह पेडलचं सर्किट घे, कपॅसिटर मोठे टाक, खर्ज परत येतो. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय, आणि त्यापायी इतकी छान झाळलेली पेडलं खणात पडून राहिलेली पाहिलीत, की आता नीट लिहूनच टाकतो. कपॅसिटर मोठा करणं आणि क्लीन, म्हणजे न फाटलेला मूळ सिग्नल मिसळणं (ब्लेंड) ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याने खर्ज डायोडच्या, म्हणजे सिग्नलचा माथा दाबून आवाज फाडणाऱ्या भागांच्या, तावडीत जातो, दुसऱ्याने तो सुटतो.

गिटारचं ओव्हरड्राइव्ह तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. ओव्हरड्राइव्ह की डिस्टॉर्शन की फझ, तो वाद इथे नको. डायोड ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये असले की आवाजाची कड मऊ राहते, सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये असले की करकरीत होते, एवढं पुरे. चिपचंही तसंच. मूळ पेडलातली ४५५८ च हवी म्हणून दुकानं पालथी घालण्यात अर्थ नाही; टीएल०७२ त्याच सॉकेटमध्ये बसते, पायही तेच. मी तीच वापरतो.

आता कपॅसिटर. ट्यूब स्क्रीमरच्या इनपुटला ०.०२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो आणि लोक सगळ्यात आधी त्यालाच हात घालतात. त्याचा काही दोष नाही. त्याच्यासोबत ५१० किलोओहमचा रेझिस्टर आहे, दोघांची मिळून सीमा, म्हणजे जिच्या खालचे सूर कमी होत जातात ती, येते साधारण १५ हर्ट्झ. बेसची ई तार ४१ हर्ट्झवर आणि पाचतारी बेसची खालची बी ३१ वर. म्हणजे तिथे काही अडतच नाही. खरी जागा आहे ऑप-अँपकडून ग्राउंडकडे जाणारी फांदी: ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड, ज्याच्या अंगावर ४७३ छापलेलं असतं. यांची सीमा ७२० हर्ट्झ. ड्राइव्ह (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) पूर्ण फिरवला तर त्याच्या बऱ्याच वरचे सूर शंभराच्या पुढे, जास्तीत जास्त ११८ पट वाढतात. खालची ई वाढते सातेक पट. खर्ज इथे कापला जात नाही, वाढण्याच्या शर्यतीत मागे पडतो. गिटारला ते हवंच असतं, म्हणून तर ते पेडल बँडमध्ये स्वच्छ ऐकू येतं.

माझ्या पहिल्या पेडलमध्ये मी ४७३ काढून १०५ लावला, म्हणजे १ मायक्रोफॅरड. सीमा थेट ३४ हर्ट्झवर. खोलीत एकट्याने वाजवलं तेव्हा खिडकीची काच थरथरली आणि मला वाटलं, जमलं. त्याच आठवड्यात सरावाला गेलो आणि बेस गायब. घुमणं ऐकू येत होतं, पण सूर कुठला ते कळेना. ड्रमर म्हणाला, ‘‘तू किक ड्रमवर वाजवतोयस की पुढेमागे, तेच समजत नाहीये रे.’’

कारण असं. बेसचा सिग्नल म्हणजे एक मोठी संथ लाट आणि तिच्या पाठीवर बारीक लहरी. बोटाचा आघात, तारेची धार, सूर ओळखू येण्याची खूण, हे सगळं त्या लहरींत असतं. मोठा कपॅसिटर लावलात की ती मोठी लाटही पूर्ण जोराने वाढते आणि डायोडवर आदळते. डायोड तिचा माथा दाबतात, आणि माथा दबलेला असतो तेवढा वेळ वरच्या लहरीही चिरडल्या जातात. शिवाय जोरात छेडा की हळू, उंची जवळपास तेवढीच राहते, म्हणजे आघात गेला. राहते ती नुसती घरघर. म्हणून मला राग येतो तो ‘खर्ज परत येतो’ या शब्दांचा. खर्ज येतो, पण ठेचला जाऊन येतो.

ब्लेंडमध्ये सिग्नल सुरुवातीलाच दोन वाटांना जातो. एक डायोडमधून, दुसरी कुठेही न थांबता थेट शेवटापर्यंत. शेवटी दोन्ही हव्या त्या प्रमाणात एकत्र. आघात आणि खर्ज क्लीन वाटेने येतात, धार डायोडच्या वाटेने. बेसच्या तयार पेडलांत बॉसच्या ओडीबी-३ वर बॅलन्स, सॅन्सअँप बेस ड्रायव्हरवर ब्लेंड, आयबानेझच्या टीएस९बीवर मिक्स ही बटणं याचसाठी आहेत. कुणी म्हणेल, ट्यूब स्क्रीमरमध्ये क्लीन सिग्नल मुळातच थोडा मिसळलेला असतो. खरं आहे, नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल न उलटवणाऱ्या) ऑप-अँपमुळे तो एक पट सोबत येतो. पण त्याचं प्रमाण तुमच्या हातात नसतं आणि पुढे तो टोनच्या फिल्टरमधूनच जातो.

माझी पसंती अशी: इनपुटचा कपॅसिटर आहे तसा ठेवा. ४७३ च्या जागी १०४ लावा, सीमा ३४० हर्ट्झच्या आसपास येते; मधल्या सुरांना अंग येतं, खर्ज मात्र डायोडवर चढत नाही. मग वेगळ्या, दुसऱ्या टीएल०७२ चा एक अर्धा भाग इनपुटचा बफर (सिग्नल न वाढवता दोन बाजू अलग ठेवणारी स्टेज) म्हणून, त्यातून दोन्ही वाटा. डायोडची वाट लेव्हल पॉट (आवाजाचा फिरवायचा रेझिस्टर) आणि आउटपुट बफरनंतर १०० किलोओहम लिनिअर पॉटच्या एका टोकाला, क्लीन दुसऱ्या टोकाला, मधला पाय त्याच दुसऱ्या टीएल०७२ च्या उरलेल्या भागाला. लेव्हल ब्लेंडच्या आधीच हवी, नाहीतर दोन वाटांचा तोल साधत नाही.

बफर वाचवायला जाऊ नका. मी एकदा क्लीन सिग्नल सरळ इनपुट जॅकवरून घेतला. ब्लेंड अर्ध्यावर नेताच पेडलने शिट्टी मारली, कारण वाढलेला आउटपुट त्याच पॉटमधून उलटा इनपुटला जाऊन मिळत होता.

डायोडच्या बाजूला ट्यूब स्क्रीमरऐवजी दुसरं सर्किट लावणार असाल तर ते सिग्नल उलटवतं का ते पाहा. नेहमीची एका ट्रान्झिस्टरची गेन (सिग्नल वाढवणारी) स्टेज उलटवते, तशा दोन असल्या तर पुन्हा सुलट. ट्यूब स्क्रीमर उलटवत नाही. परीक्षा सोपी आहे: ड्राइव्ह कमी ठेवा, दोन्ही वाटा सारख्या आवाजाला आणा, मोकळी ई छेडा आणि ब्लेंड मध्यावर न्या. आवाज भरण्याऐवजी पोकळ झाला तर दोन्ही वाटा एकमेकींना खोडतायत. तेव्हा क्लीन वाटेत एक पटीची इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटवणारी) ऑप-अँप स्टेज घाला आणि पुन्हा तीच ई छेडून बघा.