स्वतःचा हात कुणाला दिसतो?

डेक्कनच्या एका टँकवर सकाळच्या बॅचला माझी भाची पोहते. तिचे सर एकेकाळी राज्य पातळीवर फ्रीस्टाइल पोहायचे. परवा त्यांनी तिला काठाशी बोलावलं.

"कोपर कुठंय तुझं?"

"वरच ठेवते ना, सर!"

सर वाद घालत बसले नाहीत. मोबाइल प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, काठावर पालथे झोपले आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात बुडवून म्हणाले, "जा, एक लांबी मारून ये."

कोपराचं एवढं काय? पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. त्यात वेग दुप्पट करायचा तर विरोध साधारण चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी शक्ती आठपट. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, चीनच्या पान झानलेनं १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. हिशेब केला तर हा वेग ताशी पावणेआठ किलोमीटर भरतो. तळजाईवर रोज पळणारे काका काठाकाठानं त्याच्या बरोबरीनं जातील!

म्हणजे नुसती ताकद लावून भागत नाही. कोपर वर राहिलं की कोपरापासून पंजापर्यंतचा हात वल्ह्यासारखा उभा राहतो आणि पाणी मागे रेटतो. कोपर पडलं की तोच हात पाणी खाली दाबतो. मग छाती वर उचलली जाते आणि पाय बुडतात. पाय मुळातच बुडायला टपलेले असतात, कारण फुफ्फुसांतली हवा छातीला तरंगवते, पायांना नाही. पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना आठवत असेल, डबा सुटला की आधी पाय खाली जायचे.

हे सगळं पोहणाऱ्याला आतून कळायला हवं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही, हे दाखवून देणाऱ्यांत जेम्स काउन्सिलमन हा अमेरिकी माणूस मोठा. तरुणपणी ओहायो स्टेट विद्यापीठाकडून स्पर्धांत पोहला, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमान चालवलं, पुढे डॉक्टरेट मिळवली आणि १९५७ पासून तीसहून अधिक वर्षं इंडियाना विद्यापीठात प्रशिक्षक होता. सगळे त्याला 'डॉक' म्हणत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ७ सुवर्णपदकं जिंकणारा मार्क स्पिट्झ त्याचाच शिष्य. १९७६ ला माँट्रियलमध्ये डॉक अमेरिकेच्या पुरुष संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. पुरुषांच्या १३ शर्यतींपैकी १२ त्या संघानं मारल्या.

पण मला त्याच्या पदकांपेक्षा त्याचा कॅमेरा जास्त आवडतो. हात सरळ मागे ओढायचा, अशी तेव्हाची शिकवण. डॉकनं पाण्याखाली चित्रण केलं, तर अव्वल पोहणाऱ्यांचे हात नागमोडी जाताना दिसले. असं का, याचं उत्तर त्यानं १९७१ च्या सुमारास दिलं: पंजा बोटीच्या पंख्याच्या पात्यासारखा पाणी कापतो आणि विमानाच्या पंखावर असतं तसं उत्थापक बल त्याला पुढे नेतं. मग जगभरचे प्रशिक्षक पोरांना हात मुद्दाम वळवायला शिकवू लागले.

गंमत अशी, की कॅमेरा खरा होता, उत्तर मात्र बरंचसं चुकलेलं. फ्रीस्टाइल पोहताना धड दोन्ही कुशींवर आलटून पालटून वळतं, त्यामुळंच हाताच्या वाटेला बराचसा बाक येतो. शिवाय नंतरच्या मोजमापांतून आणि संगणकावरच्या अभ्यासांतून दिसलं, की पुढे नेण्यात मोठा वाटा पाणी थेट मागे रेटण्याचाच असतो. म्हणून आता मुद्दामची नागमोड शिकवत नाहीत. यात डॉकला कमीपणा आहे असं मला वाटत नाही. त्यानं चित्रण केलंच नसतं, तर चुकायला काही उरलंच नसतं. स्वारी पुढे १९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, इंग्लिश खाडी पोहून गेली. ती पार करणारा तोवरचा सर्वांत वयस्कर माणूस तोच.

इकडे भाची ओल्या अंगानं कुडकुडत मोबाइलवर वाकली होती. पडद्यावर निळसर पाण्यात एक हात आत शिरला, कोपर सपशेल खाली, आणि बुडबुड्यांची रांग तळाकडे गेली. सरांनी तो तुकडा सावकाश करून पुन्हा लावला.

"सर, ही मी नाहीये," ती म्हणाली.

"टोपी कुणाची आहे?"

तिनं स्वतःच्या पिवळ्या टोपीला हात लावला आणि पुन्हा पाण्यात उतरली.